शिकोकूच्या किनाऱ्यावर दोघांनी सायकलने जायचे असेल तर

सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात गेलेल्या पुणेकराला ओकायामा हे नाव अनोळखी नसते. त्या जपानी शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ही बाग उभी राहिली आणि म्हणूनच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान हे तिचे दुसरे नाव आहे. त्या ओकायामाहून शिन्कान्सेन या वेगवान आगगाडीने पश्चिमेकडे निघाले की थोड्याच वेळात फुकुयामा येते, आणि तेथे गाडी बदलून साध्या लोकलने वीसेक मिनिटांत ओनोमिची हे डोंगर आणि समुद्र यांच्या चिंचोळ्या पट्टीत वसलेले जुने बंदर गाठता येते. या लेखात ज्या सहलीची तयारी सांगायची आहे ती तेथून सुरू होते. ओनोमिचीहून बेटे आणि पूल ओलांडत शिकोकू बेटावरील एहिमे प्रांतात उतरायचे, पश्चिमेच्या किनाऱ्याने मात्सुयामा, नागाहामा, यावाताहामा करत सादामिसाकी द्वीपकल्पाच्या टोकापर्यंत जायचे, आणि तेथून बोटीने क्युशू हे शेजारचे बेट गाठायचे. एकूण अंतर अडीचशे ते तीनशे किलोमीटर भरते.

पुण्यातून कोकणात सायकलने जाऊन आलेल्या कोणालाही हे अंतर तीन दिवसांचे वाटेल. आम्हा दोघा मित्रांनाही तसेच वाटले होते. प्रत्यक्षात या सहलीला आठ ते नऊ दिवस द्यावेत असे माझे ठाम मत झाले आहे. ग्रामीण किनाऱ्यावर रोजचे अंतर आपल्या पायांच्या ताकदीवरून ठरवायचे नसते, गावाच्या घड्याळावरून ठरवायचे असते. दुकान किती वाजता बंद होते, मुक्कामाच्या घरी जेवण किती वाजता वाढतात, अंधार कधी पडतो आणि शेवटची आगगाडी कधी सुटते, या चार वेळा हाताशी असल्या की किलोमीटर आपोआप बसतात. पुढच्या बहुतेक सूचना याच एका गोष्टीतून निघतात.

केव्हा जावे

एप्रिलचा पहिला पंधरवडा किंवा ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरअखेरपर्यंतचा काळ उत्तम. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत तिकडचा पावसाळा असतो, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात उकाडा व वादळे एकत्र येतात. एप्रिलच्या शेवटी सुरू होणारा सुट्ट्यांचा आठवडा आणि ऑगस्टच्या मध्यातला पितरांच्या स्मरणाचा ओबोन हा सण या दोन्ही वेळी सगळा जपान प्रवासाला निघतो, तेव्हा गावातल्या चार खोल्यांच्या घरांत जागा मिळत नाही.

आम्ही नोव्हेंबर निवडला आणि मी पुन्हाही तोच निवडेन. एहिमे हा संत्र्यांचा प्रांत आहे. समुद्रावर उतरणाऱ्या डोंगरांवर दगडी बांधांच्या पायऱ्या रचून मळे केलेले असतात, आणि त्या उभ्या चढावरून फळांचे क्रेट खाली आणण्यासाठी एका रुळावर चालणारी छोटी यंत्रे बसवलेली असतात. नोव्हेंबरात ही झाडे फळांनी लगडलेली असतात. मात्र त्या महिन्यात सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो, ही गोष्ट कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी. जपानची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तासांनी पुढे असल्यामुळे पहिले दोन दिवस पहाटे उठणे जड जाते आणि दिवस आणखीच लहान भासतो.

दोघांनी आधी काय बोलून घ्यावे

सायकल, व्हिसा, विमान या सगळ्यांच्या आधी ही बैठक व्हावी, कारण सहली बहुधा रस्त्यापेक्षा माणसांत बिघडतात. आम्ही खडकवासल्याच्या धरणाकाठी बसून चार गोष्टी ठरवल्या आणि त्या चारही उपयोगी पडल्या. पहिली अशी की वेग हळू चालवणाऱ्याचा असेल आणि चढावर तोच पुढे राहील, कारण मागे पडलेल्या माणसाला पाठलाग करावा लागला की तो थकतो आणि रागावतोही. दुसरी अशी की जपानमध्ये दोन सायकली शेजारी शेजारी चालवण्यास कायद्याने मनाई असल्यामुळे बोलणे थांब्यावरच होईल. त्यामुळे दर तासाला दहा मिनिटांचा थांबा ठरलेलाच असावा, तो कोणी मागावा लागू नये. तिसरी गोष्ट पैशांची. खाणे, मुक्काम आणि बोटीची तिकिटे एका सामाईक पाकिटातून द्यावीत आणि त्यात दोघांनी सारखी रक्कम घालावी; सुट्या येनचा रोजचा हिशेब रात्री थकलेल्या डोक्याने करू नये. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे कोणालाही, कोणत्याही दिवशी, कारण न सांगता ‘आज मी आगगाडीने येतो’ असे म्हणण्याची मुभा असावी.

चौथी मुभा या मार्गावर खरोखरच वापरता येते, कारण इमाबारीपासून मात्सुयामा, शिमोनादा, नागाहामा आणि पुढे यावाताहामापर्यंत योसान रेल्वेमार्ग बऱ्याच ठिकाणी रस्त्याला समांतर धावतो. माझ्या मित्राचा गुडघा पाचव्या दिवशी दुखू लागला तेव्हा त्याने सायकल पिशवीत भरली, एका डब्याच्या डिझेल गाडीने तो पुढे गेला आणि संध्याकाळी मला स्थानकाबाहेर भेटला. त्यात कोणाचाही दिवस वाया गेला नाही. किनाऱ्याच्या भागात गाड्या दिवसातून मोजक्याच असतात, म्हणून त्या दिवसाच्या पट्ट्यातील वेळा रोज सकाळी टिपून ठेवाव्यात.

पुण्यात सराव कसा करावा

सिंहगडाचा पायथा आणि बोपदेव घाट यांनी दम वाढतो, पण या सहलीला लागतो तो सलग चार-पाच दिवस सामानासह चढउतार करण्याचा सराव, आणि त्यासाठी आपल्याला कोकणाहून चांगली शाळा मिळणार नाही. ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळे मार्गे हरिहरेश्वर गाठावे, बागमांडल्याहून वेश्वीला फेरीबोटीने जावे, पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै करत दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या आणखी दोन फेऱ्यांनी गणपतीपुळ्यापर्यंत जावे. प्रत्येक खाडीपाशी उतार, पलीकडे पुन्हा चढ, मधे बोटीची वाट पाहणे आणि पाचच्या पुढे जेवायला काय मिळेल याची विवंचना: या चार दिवसांत जे शिकायला मिळते ते जवळजवळ जसेच्या तसे शिकोकूत उपयोगी पडते. कोकणातले चढ तर तिकडच्या पुलांच्या चढांपेक्षा कितीतरी उभे आहेत. पुलांवर नेणारे सायकलींचे वेगळे रस्ते साधारण तीन टक्के चढाचे ठेवलेले आहेत, त्यामुळे सामानासहही ते बसूनच चढता येतात.

ही सराव-सहल ज्याच्यासोबत जपानला जायचे आहे त्याच्यासोबतच करावी.

व्हिसा, विमान आणि औषधे

जपानला जाण्यासाठी भारतीयांना व्हिसा लागतो. एप्रिल २०२४ पासून अल्पमुदतीच्या पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळू लागला आहे आणि त्याचा अर्ज नेमून दिलेल्या केंद्रांमार्फत करता येतो. विमानतळावर हा व्हिसा इंटरनेट चालू असलेल्या फोनच्या पडद्यावर दाखवावा लागतो, त्याची छापील प्रत किंवा पडद्याचे छायाचित्र चालत नाही. म्हणून उतरण्यापूर्वीच चालू होणारे ई-सिम घेऊन ठेवावे.

पुण्याहून जपानला थेट विमान नाही. मुंबई किंवा दिल्लीहून टोकियोला थेट जाता येते, पण या मार्गासाठी सिंगापूर, बँकॉक किंवा हाँगकाँगवरून ओसाकाच्या कान्साई विमानतळावर उतरणे सोयीचे पडते. शिन-ओसाकाहून फुकुयामा शिन्कान्सेनने सव्वा तासाच्या आत येते.

औषधांबाबत विशेष काळजी घ्यावी. आपल्याकडे सर्दीसाठी सहज मिळणाऱ्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते आणि त्याचे प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असल्यास ती जपानमध्ये नेण्यास बंदी आहे. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांवरही निर्बंध आहेत. डॉक्टरांनी लिहून दिलेली नेहमीची औषधे महिनाभराला पुरतील एवढी, चिठ्ठीसह न्यावीत. विमा घेताना त्यात आपल्यामुळे दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देण्याची तरतूद आहे ना, हे वाचून पाहावे, कारण जपानच्या अनेक प्रांतांत सायकल चालवणाऱ्याला असा विमा सक्तीचा आहे.

सायकल न्यावी की तिकडे घ्यावी

ओनोमिची ते इमाबारी एवढाच सुमारे सत्तर किलोमीटरचा टप्पा करायचा असेल तर भाड्याची सायकल घ्यावी. ती एका बेटावर घेऊन दुसऱ्या बेटावरच्या केंद्रावर परत करता येते आणि तिच्यात काही बिघडले तर मदत मिळते. पुढे सादामिसाकीपर्यंत जायचे असेल तर स्वतःची सायकल न्यावी. आठ दिवस रोज पाच-सहा तास ज्या खोगिरावर बसायचे, ते आपल्या ओळखीचे असलेले बरे.

विमानासाठी सायकल भरताना पेडल काढावी लागतात आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे पुण्यातच एकदा करून पाहावे. हँडल आडवे करावे, मागचा डिरेलर फ्रेमला गुंडाळून बांधावा, टायरमधली हवा कमी करावी, हत्यारे नोंदवलेल्या सामानात आणि दिव्यांच्या बॅटऱ्या, पॉवर बँक जवळच्या पिशवीत ठेवावी. चार्जर चपट्या दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसेल असा जोडही घ्यावा, कारण तिकडे वीज १०० व्होल्टची आणि सॉकेट वेगळे असते.

रेल्वेसाठीचा नियम मात्र काटेकोर आहे. जपानमध्ये सायकल उघडी चालवत डब्यात नेता येत नाही. चाके काढून किंवा घडी करून ती पूर्णपणे पिशवीत झाकावी लागते, हँडलचे टोकही बाहेर दिसता कामा नये. या प्रकाराला ‘रिंको’ म्हणतात आणि त्यासाठीची पातळ पिशवी घडी केली की पाण्याच्या बाटलीएवढी होते. अशा पिशवीला वेगळे तिकीट लागत नाही. लांबी, रुंदी आणि उंची मिळून २५० सेंटिमीटर आणि वजन ३० किलो ही मर्यादा. शिन्कान्सेनमध्ये डब्यातल्या शेवटच्या रांगेमागे मोठे सामान ठेवायला जागा असते, त्या जागेसह आसन आधीच राखून ठेवावे. दोघांनी मिळून सायकल पिशवीत भरण्याचा सराव घरी तीन-चार वेळा करावा. आम्हाला पहिल्यांदा पाऊण तास लागला होता, आणि स्थानकाबाहेरच्या वाऱ्यात तेवढा वेळ नसतो.

विमानाची मोठी पेटी आणि जास्तीचे कपडे सायकलवरून वाहायचे नाहीत. ‘ताक्क्युबिन’ या घरपोच सेवेने सामान एका हॉटेलातून थेट शेवटच्या मुक्कामी पाठवता येते आणि ते तेथे आपली वाट पाहत राहते, फक्त त्या हॉटेलला आधी कळवून होकार घ्यावा. सायकलवर प्रत्येकी दोन छोट्या पिशव्या पुरतात. नाण्यांवर चालणारी धुलाई यंत्रे लहान गावांतही सापडतात, त्यामुळे कपड्यांचे दोन जोड खूप झाले. हत्यारांचा संच दोघांत एक असावा, पण दोघांच्या चाकांचा आकार किंवा व्हॉल्व्ह वेगळा असेल तर ट्यूब मात्र ज्याच्या त्याने घ्याव्यात.

बेटे आणि पूल

ओनोमिचीहून मुकाइशिमा या पहिल्या बेटावर पुलाने न जाता धक्क्यावरून सुटणाऱ्या छोट्या फेरीने जावे. पाच मिनिटांचा प्रवास आहे आणि पूल सायकलीसाठी अडचणीचा आहे. तेथून पुढे इन्नोशिमा, इकुचिजिमा, ओमिशिमा, हाकाताजिमा आणि ओशिमा अशी एकूण सहा बेटे येतात, आणि रस्त्याच्या डाव्या कडेला रंगवलेली निळी रेघ धरून चालले की नकाशा काढावा लागत नाही. या मार्गाला शिमानामी काइदो म्हणतात. पहिला पूल १९७९ साली ओमिशिमा आणि हाकाताजिमा यांच्यामध्ये झाला आणि १९९९ साली सगळी साखळी पूर्ण झाली. सायकलींचा टोल गेली अनेक वर्षे सवलत म्हणून माफ आहे. ती सवलत चालू आहे ना, एवढे निघण्यापूर्वी पाहावे.

पहिल्या दिवशी तीस किलोमीटरवरच्या सेतोदा येथे थांबावे, असा माझा आग्रह आहे. बहुतेक लोक एका दिवसात इमाबारी गाठतात आणि त्यांना पूल तेवढे आठवतात. सेतोदा हे लिंबांचे गाव आहे. रस्त्याच्या कडेला माणूस नसलेल्या फळ्या मांडलेल्या असतात, त्यांवर लिंबांच्या किंवा संत्र्यांच्या पिशव्या आणि शेजारी पैसे टाकायचा डबा असतो. या डब्यासाठी शंभर येनची नाणी नेहमी खिशात ठेवावीत. नाणे नाही म्हणून फळे उचलून पुढे जाऊ नये आणि नोट टाकून उरलेल्या पैशांची खंतही करू नये.

दुसऱ्या दिवशी लागणारा तातारा पूल १४८० मीटर लांब आहे. त्याच्या उंच खांबाच्या पायाशी उभे राहून टाळी वाजवली की आवाज खांबाच्या दोन पायांमधून वर चढत गेल्यासारखा घुमतो. तेथे थांबून दोघांनी आलटून पालटून टाळ्या वाजवाव्यात. पूल ओलांडल्यावर ओमिशिमाच्या पश्चिम बाजूला ओयामाझुमी देवस्थान आहे, त्यासाठी मुख्य वाट सोडून जाऊन-येऊन पंधरा किलोमीटरचा वळसा पडतो. योद्ध्यांनी देवाला वाहिलेल्या चिलखतांचा तेथील संग्रह आणि अंगणातले प्रचंड जुने कापराचे झाड यांसाठी तो वळसा घ्यावाच. रात्री ओशिमावर राहावे म्हणजे तिसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात कुरुशिमा सामुद्रधुनीवरचे एकापाठोपाठ एक तीन झुलते पूल, चार किलोमीटर, सावकाश ओलांडता येतात. खाली भरती-ओहोटीचे पाणी नदीसारखे वाहते आणि मधेच भोवरे उठतात.

इमाबारीनंतरचा किनारा

येथपर्यंत सायकलस्वारांची गर्दी असते. इमाबारीनंतर ती ओसरते आणि खऱ्या अर्थाने ग्रामीण किनारा सुरू होतो. मात्सुयामापर्यंतचा पन्नासेक किलोमीटरचा रस्ता कौलांसाठी नावाजलेल्या किकुमा गावावरून जातो. मात्सुयामात एक पूर्ण दिवस विश्रांती घ्यावी, तेथील दोगो ओन्सेन या गरम पाण्याच्या स्नानगृहाची मुख्य इमारत १८९४ साली बांधलेली आहे आणि थकलेल्या पायांना त्या गरम पाण्यासारखा उपाय नाही. गरम कुंडात उतरण्यापूर्वी बाहेर बसून साबणाने पूर्ण अंग धुवावे, कपडे घालून उतरू नये आणि छोटा पंचा पाण्यात बुडवू नये.

पाचवा दिवस मला सर्वांत प्रिय आहे. इयो शहर सोडल्यावर रस्ता क्रमांक ३७८ पाण्याच्या अगदी कडेने, जवळजवळ सपाट, नागाहामापर्यंत जातो. मधे शिमोनादा नावाचे एक लहानसे स्थानक आहे, ज्याच्या फलाटावर एक छप्पर आणि एक बाक आहे आणि समोर सगळा समुद्र आहे. संध्याकाळी तेथे छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी होते, म्हणून दुपारी जावे आणि डबा तेथे उघडावा. नागाहामात हिजी नदीच्या मुखावर १९३५ साली बांधलेला, जहाजांसाठी वर उचलला जाणारा लाल पूल आहे. थंडीच्या दिवसांत पहाटे वरच्या खोऱ्यातले धुके या नदीवरून वाऱ्यासह समुद्राकडे धावत येते. ते पाहायचे असेल तर मुक्काम तेथेच करावा.

नागाहामा ते यावाताहामा हा टप्पा तीस-पस्तीस किलोमीटरचा असला तरी वळणे, चढ आणि बोगदे यांमुळे वेळ घेतो. त्यापुढचा सादामिसाकीचा भाग सर्वांत कठीण. सुमारे चाळीस किलोमीटर लांबीचे हे द्वीपकल्प इतके अरुंद आहे की कण्यावरून जाणाऱ्या रस्त्यावर काही ठिकाणी दोन्ही बाजूंचा समुद्र दिसतो, आणि पवनचक्क्या उगीच उभारलेल्या नाहीत हे पहिल्या अर्ध्या तासात कळते. वारा समोरून जोराचा असेल तर हट्ट करू नये. यावाताहामाहून बेप्पूला जाणारी बोट आहे, ती पकडावी. हवा चांगली असेल तर मिसाकी बंदरापर्यंत जावे, तेथून सत्तर मिनिटांत बोट क्युशूच्या सागानोसेकीला पोहोचवते.

मुक्काम आणि जेवण

गावात ‘मिन्शुकू’ म्हणजे घरगुती मुक्काम मिळतात. तेथे रात्रीचे जेवण सहाला असते, म्हणजे सहालाच असते. दुसऱ्या रात्री आम्ही वळशात रमलो आणि साडेसातला पोहोचलो. घराच्या आजीबाई रस्त्याच्या वळणावर विजेरी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी एक शब्दही रागाचा काढला नाही, थंड झालेले सूप पुन्हा गरम केले, आणि आम्हाला त्यांच्या दीड तासाच्या काळजीची लाज वाटली. तेव्हापासून आम्ही रोज चारला सायकलवरून उतरायचे असा नियम केला. उशीर होणारच असेल तर फोन करावा, भाषा येत नसेल तर एखाद्या दुकानदाराला फोन करायची विनंती करावी. लोक आनंदाने करतात.

मासे खाणाऱ्याला येथे चिंता नाही, ताई माशाबरोबर शिजवलेला भात हा या प्रांताचा अभिमान आहे. शाकाहारी माणसाने मात्र आधीच जागे व्हावे. भाजीच्या रश्शात, उदोन या जाड शेवयांच्या पाण्यात, टोफूवरच्या सॉसमध्येही ‘दाशी’ हा अर्क असतो, आणि तो बहुधा वाळवलेल्या माशापासून केलेला असतो. ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन, दाशी मो दामे देस’ म्हणजे मांस आणि मासे खात नाही, दाशीही चालत नाही, हे वाक्य जपानी लिपीत लिहून घेऊन जवळ ठेवावे आणि मुक्काम ठरवतानाच कळवावे. दारात उभे राहून सांगितले तर त्या घराला केलेला स्वयंपाक बाजूला ठेवावा लागतो. चोवीस तास उघड्या दुकानांत मिठाचा किंवा उमेबोशी या खारवलेल्या आंबट फळाचा भाताचा गोळा, केळी, भाजलेले रताळे, साखर नसलेले दही आणि मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटांत गरम होणारे शिजवलेल्या भाताचे पाकीट मिळते. आम्ही पुण्याहून मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, त्यामुळे दहीभात आणि मेतकूटभात यांवर तीन रात्री सुखाने गेल्या. कच्चे तांदूळ, ताजी फळे, भाज्या आणि कोणतेही मांस मात्र सोबत नेऊ नये, विमानतळावर ते अडवतात.

सादामिसाकीच्या वाटेवर दुकाने विरळ आहेत. ‘मिची-नो-एकी’ या रस्त्याकडेच्या विसाव्यांची स्वच्छतागृहे रात्रंदिवस उघडी असतात, पण आतले दुकान संध्याकाळी लवकर बंद होते. नळाचे पाणी सर्वत्र पिण्याजोगे असते. रोख येन जवळ ठेवावेत, लहान घरांत कार्ड चालत नाही. कचऱ्याचे डबे रस्त्यावर नसतात, म्हणून स्वतःची कचऱ्याची पिशवी ठेवावी.

रस्त्यावरचे वागणे आणि धोके

वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे पुणेकराला डोळ्यांचा नवा सराव करावा लागत नाही. हॉर्नची सवय तेवढी सोडावी लागते. हाती फोन धरून सायकल चालवल्यास नोव्हेंबर २०२४ पासून कडक शिक्षा आहे, मद्य घेऊन चालवणे हा गंभीर गुन्हा आहे, आणि एप्रिल २०२६ पासून सोळा वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या सायकलस्वारांसाठी किरकोळ नियमभंगालाही दंडाच्या पावतीची पद्धत आहे. लाल दिव्याला रस्ता रिकामा असला तरी थांबावे. बोगदे हा या किनाऱ्यावरचा खरा धोका आहे. भर दुपारीही मागचा लाल दिवा लावावा, चकाकणारे जाकीट घालावे आणि बोगद्याच्या तोंडाशी थांबून दुसऱ्याला येऊ द्यावे म्हणजे दोघे एकत्र आत शिरता.

किनाऱ्यावर ठिकठिकाणी समुद्रसपाटीपासूनची उंची आणि त्सुनामीत कोणत्या बाजूला पळायचे हे दाखवणाऱ्या पाट्या असतात. मुक्कामी पोहोचल्यावर अंघोळीच्या आधी ती वाट पायी पाहून यावी. जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली तर सूचनेची वाट न पाहता, सायकल तेथेच टाकून उंचावर जावे. पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९ हे क्रमांक दोघांनाही पाठ असावेत.

थोडी भाषा

रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा अन्यत्र जपानी शिकलेला एखादा मित्र पुण्यात सहज सापडतो, त्याच्याकडून महिनाभर धडे घ्यावेत. मराठी माणसाला ही भाषा वाटते तितकी परकी नाही. क्रियापद शेवटी येते, विभक्तीसारखे प्रत्यय शब्दामागे लागतात, आणि काना या जपानी अक्षरांचा आ-का-सा-ता-ना हा क्रम संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून तयार झालेला असल्यामुळे लवकर पाठ होतो. स्थानकांची नावे वाचता येऊ लागली तरी खूप.

रस्त्यात पांढरे कपडे आणि गवताची विणलेली टोपी घातलेले यात्रेकरू भेटतात. शिकोकूभोवतीच्या ८८ मंदिरांची सुमारे बाराशे किलोमीटरची वाट ते पायी करतात आणि गावकरी त्यांना फळे, चहा, कधी पैसेही देतात. आळंदी-पंढरपूरची वाट पाहिलेल्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्यांच्या टोपीवर ‘दोग्यो निनिन’ असे लिहिलेले असते, म्हणजे एकत्र चाललेले दोघे: तो यात्रेकरू आणि त्याच्यासोबत अदृश्य चालणारे बौद्ध संत कोबो दाइशी. आम्हालाही एका आजोबांनी यात्रेकरू समजून संत्री दिली. अशी भेट नाकारू नये. दोन्ही हातांनी घ्यावी आणि वाकून आभार मानावेत.

परतीची आवराआवर

मिसाकीच्या धक्क्यावर सायकलचे वेगळे तिकीट काढावे आणि बोट सुटण्याच्या अर्धा तास आधी रांगेत असावे. सागानोसेकीहून ओइता शहर तीसेक किलोमीटर आहे, शेवटचा मुक्काम आणि आधी पाठवलेली पेटी तेथेच ठेवावी. आठ दिवसांच्या खाऱ्या हवेने साखळीवर आणि पेडलच्या आट्यांवर गंज धरू लागलेला असतो. सायकल भरण्यापूर्वी ती ओल्या कापडाने पुसून कोरडी करावी, साखळीला तेल द्यावे, टायरला चिकटलेली माती पूर्ण काढावी आणि पेडल काढल्यावर त्यांच्या आट्यांना थोडे ग्रीस लावावे, नाहीतर पुण्यात पोहोचल्यावर ती पुन्हा बसवताना त्रास होतो.